एकोणतीसचा पाढा

एकोणतीसचा पाढा मला आता येतो. मध्ये कुठे अडखळत नाही. पण ज्या दिवशी तो यायला हवा होता, त्या दिवशी मला तो सहापर्यंतच आला. नागोजीअण्णांबद्दल लिहायला मी चार वेळा बसले आणि चारही वेळा हेच आधी लिहून झालं, म्हणून आता ते तसंच ठेवते.

आनेकलच्या अलीकडे एक मोठं गोडाऊन आहे. परदेशी जाणारा माल तिथे कंटेनरमध्ये भरतात, दाराला सील लावतात आणि ट्रेलर चेन्नईच्या बंदराकडे निघतो. अण्णांचं काम माल भरण्याआधीचं. आलेला रिकामा कंटेनर घ्यायचा की परत पाठवायचा, हे ते ठरवत. मी तिथे कॉलेजच्या शेवटच्या वर्षी सहा महिने इंटर्न होते. आमचं घर निपाणीचं. आई विड्या वळते, वडील तंबाखूच्या वखारीत हमाली करतात, आणि कॉलेजात गेलेली घरातली मी पहिली. आम्हाला लॉजिस्टिक्सचं एक पुस्तक होतं. त्यात जगाच्या नकाशावर बाण काढलेले असत. माल इथून निघतो, तिथे पोचतो. बाणाच्या मागच्या टोकाशी कोण उभं असतं, ते पुस्तकात नव्हतं. आमच्या गोडाऊनमध्ये तिथे अण्णा उभे असत.

बुटके, साठीला आलेले, अर्ध्या बाह्यांचा खाकी शर्ट. खिशात पेन नाही, खडूचे तुकडे. त्यामुळे शर्टाचा खिसा कायम पांढरा. ते शहराच्या जुन्या भागातल्या, चामराजपेटच्या मराठी कुटुंबातले. पणजोबांच्याही आधीपासून तिथेच. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मिसळलेलं, की नवीन आलेल्या पुणे-मुंबईकडच्या लोकांना ते कळत नसे. मी सीमेवरची, मला कळायचं. कदाचित म्हणूनच त्यांनी मला जवळ केलं. मला ते "कॉलेज अक्का" म्हणायचे. माझ्या तिप्पट वयाचा माणूस मला अक्का म्हणतो याचं पहिले काही दिवस हसू यायचं.

"कॉलेज अक्का, तुझ्या पुस्तकात डब्याला भोक असतं काय?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. कंटेनरला ते डबाच म्हणत.

"नाही अण्णा."

"मग ते लिहिणाऱ्याचं कधी काही भिजलेलं नाही."

त्यांची तपासायची पद्धत अशी. आधी डब्याभोवती एक फेरी. मग आत शिरून फळ्यांवर टाच आपटत शेवटपर्यंत जायचं. मग म्हणायचे, "हं, लाव." मी बाहेरून दोन्ही दारं लोटायची आणि दांडा हाताने दाबून धरायचा. आत पूर्ण काळोख. छताला, कोपऱ्यात, कुठे सुईएवढंही भोक असलं तर त्यातून उजेड येतो. पण लगेच दिसत नाही. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. तो वेळ किती, तर अण्णांच्या हिशेबाने एकोणतीसचा पाढा म्हणायला लागतो तितका. पत्र्याच्या आतून त्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. दाहे दोनशे नव्वद झालं की भिंतींवरून, छतावरून सावकाश नजर फिरवायची. भोक दिसलं तर त्याभोवती खडूने गोल, मग आतून दोनदा ठोकायचे. मी दार उघडायचं.

"एकोणतीसच का अण्णा? वीसचा का नाही?"

"वीसचा सोपा. तो कुणीही घाईत म्हणेल. एकोणतीसच्यात घाई केलीस तर चुकतेस." आणि मग, "आमच्या आजाने शिकवला. मार खाऊन शिकलो. इतका मार कुठंतरी कामाला यायला नको?"

ते मला नेहमी म्हणत, "एकदा तू आत ये. बाहेरून दार धरणं म्हणजे अर्धं काम." मी काहीतरी कारण सांगायचे. खरं कारण असं, की मला त्या बंद पेटीची भीती वाटायची. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचं काही झालं नसतं, असं आता वाटतं.

त्यांचं नाक हा गोडाऊनमधल्या चेष्टेचा विषय होता. दुपारच्या जेवणापर्यंत ते कॉफीसुद्धा घेत नसत. नाक बिघडतं म्हणायचे. डब्यात डोकं घातलं की सांगत, यातून मिरची गेली होती, यातून कातडं. एकदा आलेल्या डब्याला कसलाच वास नव्हता. अण्णांनी मान हलवली.

ट्रेलरचा ड्रायव्हर वैतागला. "अण्णा, वास आला तरी नको म्हणता, नाही आला तरी नको? डब्याला अत्तर लावून आणू का?"

"माणसाच्या घराला वास असतो की नाही?" अण्णा म्हणाले. "नसला तर काय समजायचं? कुणीतरी घासून धुतलंय. कशासाठी धुतलं ते सांग, मग घेतो."

त्यांनी कोपऱ्यातली एक फळी पहारीने उचकटली. खाली माशांच्या भुकटीचा काळपट थर होता. वास असा आला की ड्रायव्हर स्वतःच दहा पावलं मागे सरला. त्या डब्यात कपडे जाणार होते. अण्णा विजयाने हसले वगैरे नाहीत. ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझी चूक नाही रे. चल, जेवून जा." आणि खरंच त्याला आपल्या डब्यातला अर्धा भात दिला.

गोडाऊनचे मॅनेजर अमेय सर पुण्याचे. सर्जापूर रोडला राहायचे, सदा फोनवर, सदा धावपळीत. माणूस वाईट नव्हता. त्यांनी तपासणीचा कागद बंद करून टॅब आणला. सोळा प्रश्न, प्रत्येकापुढे बरोबरची खूण, शेवटी काचेवर बोटाने सही. सगळं इंग्रजीत. अण्णा सांगायचे, मी खुणा करायचे, मग त्यांच्यापुढे टॅब धरायचे. खडूच्या बोटाने ते सही करत. सही म्हणजे वाकडा "ना" आणि पुढे एक लांब रेघ. वर काय लिहिलंय ते त्यांनी मला एकदाही विचारलं नाही.

माझ्या फोनवर मात्र त्यांचं लक्ष असायचं. जहाज कुठे आहे ते नकाशावर ठिपक्याने दिसतं, हे मी एकदा दाखवलं, तेव्हापासून रोज सकाळी पहिला प्रश्न तोच. डब्यांचे नंबर त्यांच्या ओठांवर. "चार-सात-शून्य कुठं आला?" तीस वर्षं डबे पाठवूनही त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. तांबड्या समुद्राची वाट धोक्याची झाली होती आणि बोटी आफ्रिकेला वळसा घालून जात होत्या. मी नकाशावर तो वळसा दाखवला, तर त्यांनी तो बोटाने गिरवला.

"म्हणजे किती दिवस जास्त?"

"दोन आठवडे तरी."

"भोक लहान असलं तरी त्याला फक्त वेळ पाहिजे असतो, अक्का. आता त्याला वेळ मिळाला." काचेवर त्यांच्या बोटाचा पांढरा ठसा उमटला होता. तो मी ओढणीने पुसला.

वळशामुळे आणखी एक झालं. रिकामे डबे परत यायला उशीर होऊ लागला. पूर्वी दहातून तीन परत पाठवता यायचे, आता जो येईल तो घ्या म्हणत. बोटीच्या तारखा रोज बदलायच्या. अमेय सरांच्या फोनचा आवाज वाढत गेला.

त्याच दिवसांत अण्णांच्या गल्लीतला माल आला. राधाक्का म्हणून त्यांच्या शेजारी आहेत. पंधरा-सोळा बायका घेऊन अगरबत्त्या बनवतात. परदेशाची एवढी मोठी ऑर्डर त्यांना पहिल्यांदाच मिळाली होती. त्यांना आमच्या गोडाऊनपर्यंत अण्णांनी आणलं होतं. "माझ्या डोळ्यांखालून जाईल," असं ते गल्लीत सगळ्यांना सांगून आले होते.

डबा यायच्या दिवशी अण्णांच्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्यांनी सकाळी मला फोन केला. "मी दोनपर्यंत पोचतो. डबा आला तर थांबव. आत माल लावू देऊ नको. सरी?"

"सरी अण्णा," मी म्हटलं. सरी म्हणजे ठीक आहे.

डबा साडेदहाला आला. जुना, रंगाचे पोपडे निघालेला. अकरा वाजता अमेय सर धावत आले. "अगं, बंदरात डबा पोचवायचं कट-ऑफ एक दिवस अलीकडे आलंय. बाराला लोडिंग सुरू झालं नाही तर हे जहाज गेलं. पुढच्याला जागा कधी मिळेल देव जाणे. अण्णा कुठेत?"

"दवाखान्यात. दोनला येतील."

"मग तू कर ना चेक! चार महिने बघतेयस. येतं ना तुला?"

मी हो म्हटलं. येत नाही असं म्हणायची मला लाज वाटली. घरातली पहिली, कॉलेजात गेलेली, आणि एवढंही येत नाही?

मी डब्यात शिरले. चार पावलं गेले. लोडिंगवाला एकजण दारापाशी उभा होता, "लावू का मॅडम?" म्हणाला. मी मागे वळून पाहिलं तर दाराचा उजेडाचा चौकोन लांब वाटला. "नको, राहू दे," म्हटलं. फोनचा टॉर्च छतावर फिरवला. टॉर्चने काय दिसणार? भोक शोधायला उजेड बाहेर हवा आणि अंधार आत. हे मला माहीत होतं. चार महिने मी तेच बघत होते. बाहेर आले आणि टॅबवर सोळा खुणा केल्या. नववी खूण दार बंद करून पाहिल्याची होती. तिच्यावर बोट थांबलं होतं, इतकं आठवतं.

अण्णा दोनला पाच मिनिटं असताना आले, घामाने भिजलेले. शेवटची खोकी आत चालली होती. त्यांचा चेहरा उतरला.

"कोण आत गेलं?"

"मी."

"दार लावून?"

"हो."

"पाढा?"

"म्हटला अण्णा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, ओळखलं. पण त्यांचा चेहरा हळूहळू असा उजळला, की तो आजही डोळ्यांपुढे आला तर मी दुसरीकडे बघते. "तू? एकटी आत? भ्याली नाहीस?" मग हमालांकडे वळून मोठ्याने, "ऐकलंत काय रे? कॉलेज अक्का एकटी आत राहिली! तुमच्यातला एक तरी राहिलाय?" त्यांनी खिशातून त्यातल्या त्यात मोठा खडू काढून माझ्या हातावर ठेवला. "आता तुझा तुला पाहिजे." मग टॅब मागितला आणि सही केली. वाकडा "ना", पुढे रेघ.

सील लागलं. ट्रेलर गेला. रोज सकाळी अण्णा विचारायचे, "आमच्या गल्लीचा डबा कुठं?" मी ठिपका दाखवायचे. एका सकाळी आफ्रिकेच्या टोकाला ठिपका आला तेव्हा ते म्हणाले, "तिथं पाऊस असेल काय?" मी म्हटलं, "माहीत नाही." रोज सांगायची एक संधी होती. मी मनात म्हणायचे, काही होणार नाही. सगळ्याच डब्यांना थोडीच भोकं असतात.

माल पोचल्यावर तिकडून त्याचे फोटो आले त्या दिवशी अमेय सरांनी मला आणि अण्णांना केबिनमध्ये बोलावून ते दाखवले. डावीकडच्या कोपऱ्यातली खोकी खाली बसली होती. अगरबत्त्यांवर पांढरी बुरशी, आणि ती पुढे अर्ध्या मालापर्यंत पसरलेली. शेवटचा फोटो तिकडच्या तपासनिसाने दार बंद करून आतून काढला होता. पूर्ण काळा, आणि वर कोपऱ्यात चांदणीसारखा एक ठिपका.

अण्णांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. चौकशी तीन वाजता ठेवली होती. आम्ही बाहेर आलो, तसे ते माल चढवायच्या रिकाम्या डॉकच्या कडेला जाऊन बसले. मी शेजारी उभी राहिले.

"अक्का, पाढा म्हण बघू."

मी सुरू केला. रोज बाहेरून ऐकला होता, पण दार धरून उभी असताना मी फोन बघत असायचे. आमच्या शाळेत वीसपर्यंतचेच झाले होते. "एकोणतीस एके एकोणतीस. दुणे अठ्ठावन्न. त्रिक सत्त्याऐंशी. चोक एकशे सोळा." पाचला थांबून बेरीज केली. "एकशे पंचेचाळीस. सक..., सक एकशे चौऱ्याहत्तर. एकोणतीस साते..."

पुढे आलं नाही. मी मनात हिशेब जुळवत राहिले आणि तो जुळेना. अण्णा थांबले. मग गुडघ्यावर हात ठेवून उठले.

"सरी," म्हणाले.

तीन वाजता अमेय सरांनी विचारलं, "अण्णा, त्या दिवशी तुम्ही सकाळी नव्हतात ना? मग आत कोण होतं?" मुख्य ऑफिसचा एक माणूस स्क्रीनवर ऐकत होता. माझ्या इंटर्नशिपचा शेरा त्याच महिन्यात यायचा होता आणि पुढे नोकरीचं बोलणं चाललं होतं. आईने शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं. हे सगळं मी त्या क्षणी खरंच आठवलं की नंतर स्वतःला सांगण्यासाठी जुळवलं, मला ठरवता येत नाही. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. सहज, जसे दार लावायला सांगताना पाहायचे तसं. मी टॅबकडे पाहत राहिले.

"सही माझी हाय की नाही?" अण्णा म्हणाले. "मग आत मीच होतो."

"पण अण्णा, वेळ—"

"म्हातारा झालो सर. डोळे गेले."

त्यांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. मला चांगला शेरा मिळाला, आणि जूनपासून त्याच कंपनीत नोकरी. अण्णांच्या जागी दोन मुलं आली. ती टॉर्च घेऊन आत जातात.

नोकरी लागून तीन महिने झाल्यावर मी अमेय सरांना सगळं लिहून दिलं. त्यांनी वाचलं, खुर्चीत मागे टेकले. "अगं, क्लेम क्लोज झाला. फाइल बंद आहे. आता हे वर पाठवलं तर तुझंच नुकसान." मी म्हटलं, पाठवा. त्यांनी पाठवलं की नाही मला माहीत नाही. मला कुणीही काही विचारलं नाही. शिक्षा मिळाली असती तर बरं वाटलं असतं. तेही माझ्याच सोयीचं झालं असतं.

मग एका रविवारी चामराजपेटला गेले. आधी राधाक्कांकडे. पाच-सहा बायका पाटावर काड्या वळत बसल्या होत्या. मला आई आठवली. पूर्वी पंधरा-सोळा जणी होत्या, हे मला माहीत होतं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कुणाचे हात थांबले नाहीत.

राधाक्का म्हणाल्या, "अण्णा तर आम्हाला म्हणाले, माझ्याकडून चुकलं. दारोदार जाऊन सांगितलं त्यांनी. महिनाभर या बाजूने गेले नाहीत, मागच्या गल्लीने जायचे." मग काड्या सारख्या करत, "स्वल्प लवकर यायचं होतं तू."

"आता कुठे असतात?"

त्यांनी बाहेर बोट दाखवलं. गल्लीच्या तोंडाशी एक बंद बॉडीचा टेम्पो उभा होता. राधाक्कांचा उरलासुरला माल आता शहरातल्या दुकानांत जायचा आणि अण्णा तो लावून द्यायचे. खाकी शर्ट तोच होता. खिसा पांढरा.

"अण्णा."

त्यांनी पाहिलं. बारीक झाले होते. "कॉलेज अक्का! जेवलीस काय?"

"अण्णा, मला तुम्हाला सांगायचंय, त्या दिवशी मी—"

"ते मला माहीत हाय." त्यांनी टेम्पोचं दार उघडलं. "आत जा."

मी चढले. दार लागलं. टेम्पोच तो, कंटेनरच्या मानाने केवढासा, पण अंधार तितकाच. बाहेरून काही आवाज येईना. मी म्हणायला लागले. एकोणतीस एके एकोणतीस. साते दोनशे तीनलाही थांबले नाही. दाहे दोनशे नव्वद. मग वर पाहिलं. उजव्या कडेला, मुगाएवढं, भोक होतं. मी पर्समधून खडू काढला, तो इतके महिने तिथेच होता, आणि भोकाभोवती गोल केला. टाचा उंचावून त्यातून बाहेर पाहिलं. बाहेर उभ्या स्कूटरच्या आरशात अण्णांचा हात दिसला, दांड्यावर. गल्लीतून कुणीतरी त्यांना हाक मारली, त्यांनी दुसऱ्या हाताने थांब म्हटलं. दांड्यावरचा हात हलला नाही. मी त्या जागी चार महिने उभी होते, एका हातात फोन घेऊन.

मी दोनदा ठोकलं. दार उघडलं. अण्णांनी माझ्याकडे न बघता आत डोकावून खडूचा गोल पाहिला.

"एक?"

"एक."

"दोन हाइत," ते म्हणाले. "परत बघ."

आणि त्यांनी दार लावायला घेतलं. माझे डोळे दिपले होते. कमी कमी होत जाणाऱ्या फटीतून मला दिसलं ते एवढंच: पांढरा खिसा, दांड्यावरची खडूची बोटं, आणि हलायला लागलेले ओठ. ते माझ्याबरोबर पाढा पुन्हा पहिल्यापासून म्हणत होते.